काशम्माची पाटी

रत्नम्मा लग्न होऊन सोलापुरात आली ती तीस सालच्या मार्शल लॉच्या आदल्या वर्षी. माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. घरात बोलणं कानडी, मराठी बाजारापुरती. सासरची पहिलीच सकाळ. उंबऱ्यावर पाणी शिंपडायला म्हणून ती तांब्या घेऊन बाहेर आली आणि शिंपडायचं विसरून तशीच उभी राहिली.

गल्लीच्या एका अंगानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, बांबू फुलीसारखे बांधून केलेल्या कैच्यांवर लांबच लांब सुताचा ताणा पसरलेला होता. डाळिंबी रंगाचा. त्याच्याशेजारी एक उंच, काटक बाई पदर खोचून उभी होती. हातात दोन हात लांबीचा कुंचा, त्यातून खळ ठिबकत होती. आणि तिच्यासमोर, अगदी तिच्या अंगाला भिडेल अशी, एक सर्व्हिस मोटार गुरगुरत उभी होती. ड्रायव्हर भोंगा वाजवून दमला होता.

"आवं मावशी, सरा की. पाशिंजर खोळंबल्यात."

"खोळंबू देत. सूत वलं हाय. तुज्या धुरळ्यानं नासलं तर तुजा मालक येतो व्हय लुगडं विणायला?"

"मग काय उडून जाऊ?"

"उडू नगंस. उतर. उतर खाली. ती कैची धर, वीतभर भिंतीकडं घे. हळू! तुज्या आज्ज्यानं धरलं न्हवतं कवा सूत? हां. आता जा. गाडीत बाळंतीण बसलीया असं समजून जा."

मोटारीतले उतारू हसले. ड्रायव्हरही हसला. हाताला लागलेली खळ धोतराला पुसत तो चढला आणि खरोखरच, कुणाचा तरी जीव गाडीत ठेवल्यासारखा, हळूहळू निघून गेला. धूळ म्हणून उडाली नाही. बाईनं वळून रत्नम्माकडं पाहिलं आणि कानडीत विचारलं, "नवी सून का गं? हात रिकामे दिसतात. ये, पलीकडून कुंचा धर."

ती काशम्मा.

रत्नम्मानं त्या दिवशी कुंचा धरला तो धरलाच. विणकरांच्या त्या गल्लीला लोक पांजणीची गल्ली म्हणत. माग घराघरात होते, पण मागावर चढण्याआधी ताण्याच्या सुताला खळ पाजावी लागते, आणि तेवढा लांब ताणा पसरायला घर पुरत नाही. म्हणून ते काम, पांजणी, रस्त्यावर. दोघींनी ताण्याच्या दोन बाजूंना उभं राहायचं, ज्वारीच्या पिठाची आंबवलेली खळ कुंच्यानं सुतावर ओढत टोकापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. सूत वाळेपर्यंत कुंचा थांबता कामा नये. मध्येच थांबलं की धागे एकमेकांना चिकटतात, आणि मग मागावर बसणारा दिवसभर तुटलेले धागे जोडत शिव्या घालतो. ऊन चढण्याआधी काम उरकावं लागतं. धूळ बसली तर सगळंच वाया.

गल्लीतल्या घराघरातली माणसं आपापली पांजणी करत, पण कुणाकडं हात कमी असले, कुणी आजारी असलं, कुणाचं सूत नाजूक असलं की काशम्माला हाक मारत. तिच्या हातचा ताणा तुटत नाही, असा लौकिक होता. आणि गल्लीची पाळीही तीच ठरवी. एका वेळी एकच ताणा, तोही रस्त्याच्या एका अंगाला. दुसरं अंग गाड्यांना मोकळं. आज बजाबाईचा, उद्या रत्नम्माच्या सासऱ्याचा, परवा अंबव्वाचा. बजाबाई मराठी, अंबव्वा तेलुगू, काशम्मा कानडी. भांडणं तिन्ही भाषांत होत, पण पाळी कुणी मोडत नसे. मोडली तर काशम्मा दारात जाऊन उभी राही, नुसती उभी राही. तेवढं पुरे होई.

तिचा नवरा संगप्पा हा तिच्या उलट. बुटका, गप्प, कानानं थोडा कमी. तो घरात मागावर बसे, आणि पायाखालच्या पावड्या दाबल्याचा आवाज भिंतीपलीकडं रत्नम्माला ऐकू येई. एकसारखा. तो आवाज थांबला की काशम्मा रस्त्यावरूनच ओरडे, "काय झालं वो?" आणि आतून उत्तर येई, "तंबाखू." मूलबाळ त्यांना नव्हतं. दोघंच एकमेकांना पुरत.

त्या पहिल्या सकाळचा ड्रायव्हर सिदू, वैरागचा. स्टेशनावर गाडी आली की उतारू भरून तो गल्लीतून बार्शी-वैरागच्या रस्त्याला लागे. दोन-तीन वर्षं तो असाच गल्लीच्या तोंडाशी मोटार हळू करी, मान बाहेर काढून ओरडे, "मावशी, बाळंतीण आली!" आणि गल्ली हसे. कधी ताणा जरा पुढं आलेला असला तर उतरून कैची सरकवी. काशम्मा त्याला शिव्याही देई आणि ताकही.

मग दुसऱ्या मालकाच्या मोटारी सुरू झाल्या. त्याच रस्त्याला, त्याच वेळेला. वाटेतल्या गावी जी मोटार आधी पोचेल तिला उतारू मिळणार. एवढ्याशा गोष्टीनं गल्लीचं रूप पालटलं. स्टेशनावर आगगाडीची शिट्टी झाली की थोड्या वेळानं दोन मोटारी एकामागून एक गल्लीत घुसत. भोंगा आधी, धूळ नंतर. कोंबड्या, शेळ्या, माणसं भिंतीला चिकटत. सिदू आता उतरत नसे. एकदा काशम्मानं आडवं होऊन थांबवलं तर तो कळवळून म्हणाला, "मावशी, सोडा. मागं पडलो तर मालक दुसऱ्याला बसवंल गाडीवर."

"आणि आमी कुटं बसायचं?"

त्यानं भोंगा दिला.

पुढच्या श्रावणात, पावसानं ओढ दिली होती तेव्हा, ते घडलं. ताणा बजाबाईचा होता, कुंचे काशम्माच्या आणि रत्नम्माच्या हातात. संगप्पा मदतीला म्हणून बाहेर आला होता. टोकाला बसून ताण्याची दोरी खुंटीला आवळत होता, पाठ स्टेशनाकडं. पहिली मोटार मोकळ्या अंगानं गेली. मागून सिदू. धुळीत त्याला पुढचं दिसलं नाही, किंवा दिसलं आणि पुढं काढायची घाई झाली, कोण जाणे. मोटार ताण्यावर आली. कैच्या काड्यांसारख्या मोडल्या. सूत चाकाला गुंडाळलं गेलं आणि ताणा सापासारखा सरसरत मोटारीमागं निघाला. काशम्मा ओरडली ती संगप्पाच्या नावानं, पण मोटारींच्या गोंगाटात त्याच्या कानाला ते ऐकू जायला हवं ना. दोरी त्याच्या हातात होती. ती सोडायची हे कळायच्या आत तो ओढला गेला आणि उजवा पाय मागच्या चाकाखाली आला.

सिदू उतरला. उतरून नुसता उभा राहिला. काशम्मानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती चाकाला गुंडाळलेलं सूत दातांनी तोडत होती.

पाय कापावा लागला नाही, पण घोट्याखाली त्यात जीव राहिला नाही. काठीनं संगप्पा चाले, पण पावडी दाबता येईना. माग बंद झाला. मोटारीचा मालक म्हणाला, रस्ता गाड्यांसाठी असतो, विणकामासाठी नसतो. आता घर काशम्माच्या कुंच्यावर आलं. दुसऱ्यांची पांजणी करायची, त्यावर दोघांनी जगायचं. आणि पांजणी करायची तर याच रस्त्यावर, याच मोटारींच्या वाटेत.

पंधरवड्यानं ती पुन्हा कुंचा घेऊन उभी राहिली तेव्हा रत्नम्माच्या लक्षात आलं की भोंगा वाजला की तिचा हात सुतावर थबकतो. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातचा ताणा तुटला. दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या गल्लीला जवळच्या मठाच्या ओवरीत बोलावलं.

माणसं यायला कचरत होती. मार्शल लॉची आठवण ताजी होती. चार माणसं एकत्र दिसली की पोलिसांनी हटकायचं, हे सगळ्यांनी पाहिलेलं. काशम्मा म्हणाली, "आमी सरकार उलटवायला न्हाय बसलो. मोटार हळू चालवा म्हनायला बसलोय. त्याला बी भ्यायचं असंल तर बांगड्या माज्याकडं लई हायत, देते."

बजाबाई म्हणाली, "हळू म्हंजी किती हळू?"

"सिदूला ठाव हाय. बाळंतिणीच्या चालीनं."

शाळेतले शिवयोगी मास्तर हसले आणि म्हणाले, ते सरकारी भाषेत बसवावं लागेल. त्यांनी अर्ज लिहिला : या वस्तीच्या रस्त्यावर मोटारींनी ताशी आठ मैलांच्या वर जाऊ नये, तशी पाटी लावावी. काशम्मा तो अर्ज घेऊन दारोदार गेली. ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे तिनं स्वतः धरून उमटवले. मग कचेरी. कधी साहेब जेवायला गेलेले, कधी कागद दुसऱ्या टेबलावर. मोटारीला घाबरणारी ती बाई मोटारींच्याच रस्त्यानं शहरभर चालली. पहाटे पांजणी, मग कचेरी. आषाढ संपून पुन्हा श्रावण आला तरी तिनं पाठ सोडली नाही. "काशम्मा मुन्शिपाल्टीत नोकरीला लागली," असं गल्लीत म्हणू लागले, आणि तिला ते आवडत असे.

वॉर्डाचे मेंबर आबासाहेब. धान्याचं दुकान, गोड बोलणं. शेवटी एकदा त्यांनीच सांगितलं, "काशम्मा, ओव्हरसियर साहेब सोमवारी सकाळी जागा बघायला येतायत. त्यांना त्रास दिसला पाहिजे. डोळ्यांना दिसला तर ते लिहितील, लिहिलं तर पाटी लागेल."

त्रास दिसला पाहिजे. हे वाक्य काशम्मा घरी घेऊन आली आणि दोन दिवस त्याच्याभोवती फिरत राहिली. रविवारी तिनं दारोदार सांगितलं : उद्या पाळी नाही. उद्या सगळ्यांनी ताणे काढायचे. ज्याच्या घरात सूत असेल त्यानं, दोन्ही अंगांना, टोकापासून टोकापर्यंत.

"अक्का, वाट न्हाय उरणार," रत्नम्मा म्हणाली.

"एक दिस न्हाय उरली तर न्हाय."

संगप्पानं काठी आपटली. "पाळी मोडू नगं, काशी."

"तुमी गप बसा की! एक ताणा बघून सायबाला काय कळनार? म्हनंल, जागा हाय की बक्कळ, जाऊ द्या मोटारी. सगळी गल्ली बघू दे त्याला. किती पोटं हितं पसरल्यात ती बघू दे."

संगप्पा तंबाखू मळू लागला. गल्लीत तर लग्नघर असल्यासारखा उत्साह आला. कुणी ठेवणीतलं सूत काढलं, अंबव्वानं तर पांजून झालेला ताणा पुन्हा बाहेर आणला.

सोमवारी सकाळी ती गल्ली पाहण्यासारखी होती. हिरवे, जांभळे, डाळिंबी, हळदी ताणे दोन्ही बाजूंनी, मध्ये मावेल तिथं तिसरा, आणि त्यांच्यामधून कुंचे घेतलेली माणसं मागंपुढं जाताहेत. रत्नम्माला ती सकाळ अजून आठवते. इतकी देखणी गल्ली तिनं आधी पाहिली नव्हती आणि पुढं तर पाहणारच नव्हती.

ओव्हरसियर आले ते मोटारीनं. मोटार गल्लीच्या तोंडाशीच थांबली, कारण पुढं जायला जागाच नव्हती. ते उतरले. मागून आबासाहेब. साहेब सभ्य गृहस्थ होते. ताण्याखालून वाकून, आडवे होऊन चालत आले. कोटाच्या बाहीला खळ लागली तरी रागावले नाहीत. रुमालानं पुसत त्यांनी विचारलं, "बाई, रोज असंच असतं?"

काशम्मा कुंचा घेऊन उभी होती. तिच्या समोरच्या बाजूला रत्नम्मा. रत्नम्माला वाटलं, आता अक्का सांगेल की पाळी असते. पण काशम्मानं वर्षभर याच प्रश्नाची वाट पाहिली होती.

"व्हय की सायेब. रोज. सगळ्या गल्लीचं पोट हितंच हाय."

"सगळा रस्ता असा भरलेला?"

"सगळा."

"मग गाड्या जायच्या कुठून?"

"त्योच तर सवाल हाय, सायेब!"

गल्लीनं माना डोलावल्या. साहेबांनीही डोलावली. "बरोबर आहे," ते म्हणाले, "सवाल तोच आहे." आणि आले तसे वाकत परत गेले.

त्या दिवशी काशम्मानं गूळ वाटला.

दिवाळीच्या आधी पाटी लागली. गल्लीच्या दोन्ही तोंडांना, लोखंडी खांबावर, पांढऱ्यावर काळी अक्षरं. माणसं जमली. शिवयोगी मास्तरांना बोलावून आणलं. ते मोठ्यानं वाचू लागले : "या रस्त्यावर मोटारींनी ताशी आठ मैलांहून अधिक वेगाने जाऊ नये." पुढचं कुणी ऐकलंच नाही. बजाबाईनं काशम्माला मिठी मारली, कुणी खांबावर नारळ फोडला, संगप्पा काठी टेकत दारापर्यंत आला. मास्तर मात्र अजून पाटीकडंच पाहत होते.

"मास्तर, काय हाय आणखी?" काशम्मानं विचारलं.

त्यांनी हळू आवाजात वाचलं. "रस्त्यावर सूत ताणणे, खळ लावणे अथवा वाळत घालणे यास सक्त मनाई आहे. कसूर करणाऱ्यास दंड होईल."

"पुन्ना वाचा."

त्यांनी पुन्हा वाचलं. नारळाचं पाणी खांबावरून खाली ओघळत होतं.

काशम्मा तशीच आबासाहेबांच्या दुकानात गेली. रत्नम्मा सोबत होती. आबासाहेब तराजूमागून उठलेही नाहीत. "तुमच्या म्हणण्याप्रमाणंच झालं की, काशम्मा. पाटी मागितली, पाटी मिळाली."

"सूत कुटं ताणायचं आमी?"

"ते मला काय ठाऊक? तुम्हीच साहेबांना सांगितलंत, रोज सगळा रस्ता भरलेला असतो. सरकारी रस्ता सगळा अडवलेला बघितल्यावर साहेब दुसरं काय लिहिणार?"

"त्यो एक दिस व्हता, आबासाहेब. रोज पाळी असती आमची. एकच ताणा, एका अंगाला. वाट मोकळी असती."

"मग साहेबांना खोटं सांगितलंत?"

काशम्मा उभी राहिली. दुसऱ्यांच्या दारात पाळीसाठी उभी राहायची तशी. पण इथं तेवढं पुरलं नाही. आबासाहेबांनी पुढच्या गिऱ्हाइकाला ज्वारी मोजायला घेतली.

नंतर तिनं नवा अर्ज करून पाहिला. कचेरीत सांगितलं, या रस्त्याचा निकाल लागला आहे.

गल्लीनं काही दिवस तळ्यापलीकडच्या माळावर ताणे नेऊन पाहिले. तिथं वारा. खळ लावून दहा पावलं जावं तो मागचं सूत कोरडं ठाक, वर माती बसलेली. मग व्यापाऱ्यांनी खळ दिलेलं तयार सूत आणायला सुरुवात केली. ते महाग पडे, मजुरीतून कापलं जाई, पण माग चालू राहिले. बंद पडली ती फक्त पांजणी. म्हणजे काशम्मा.

लोकही सरळ बोलत नसत. पाटीला "काशम्माची पाटी" हे नाव पडलं. नळावर एकदा बजाबाई म्हणाली, "झाली का हौस? मोटारी हळू करायला गेली, आमचेच हात बांधून बसली."

रत्नम्मा म्हणाली, "ताणा तुमीबी काढलाच की, बजाबाई. कुणी हाताला धरून काढायला लावला न्हवता."

"तिनं सांगितलं म्हणून काढला. आमाला वाटलं, तिला कळतंय."

काशम्मा घागर भरत होती. भरून झाली, उचलली, गेली. आपल्याला कळतंय, असं तिलाही वाटलं होतं.

आणि मोटारी? रस्ता मोकळा झाल्यावर त्या पूर्वीपेक्षा जोरात जाऊ लागल्या. एक पोलीस रोज सकाळी चक्कर मारी. मोटारीचा वेग नुसत्या डोळ्यांनी कसा मोजायचा, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ताणा मात्र लांबूनही दिसतो. अंबव्वानं एकदा दारापुढं चार हात सूत वाळत घातलं, तिला दंड झाला. मोटारवाल्याला झालेला कुणी ऐकला नाही.

एके सकाळी सिदूनं मोटार पाटीखाली थांबवली. काशम्मा ओट्यावर बसून सुपात ज्वारी पाखडत होती. अपघातानंतर तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होता. टोपी हातात घेऊन म्हणाला, "मावशी, दुसरा कुणी कसा बी नेऊ दे, मी या गल्लीतनं हळूच नेतो आता. तुमच्या बाळंतिणीच्या चालीनं. बगा तुमी."

काशम्मानं सूप खाली ठेवलं. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. धुतल्यासारखा रिकामा रस्ता.

"आता कशाला रं?" ती म्हणाली. "आता काय हाय हितं सांभाळायला? जा की. पळव."

तो तरीही हळूच गेला. तिनं त्याच्याकडं पाठ केली होती, तिला ते दिसलं नाही.

संक्रांतीच्या सुमाराला संगप्पानं माग विकला. ज्या दिवशी तो जमिनीतल्या त्याच्या खड्ड्यातून उपटून नेला त्या दिवशी काशम्मानं आपला कुंचा रत्नम्माच्या हातात दिला. "ठेव," एवढंच म्हणाली. रत्नम्मानं तो आढ्याला लावून ठेवला आहे. त्याचे केस अजून खळीनं कडक आहेत.

काशम्मा आता एका गिरणीच्या रिळिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला आहे. पहिल्या भोंग्याला निघते आणि रस्त्याच्या कडेकडेनं, भिंतीला धरून चालत जाते.